फिल्मवरचे ठिपके: स्फटिक की वेगळ्या झालेल्या प्रावस्था?

पॉलिकॅप्रोलॅक्टोन (स्फटिक बनवणारा पॉलिमर) आणि पॉलिस्टायरीन (स्फटिक न बनवणारा) यांच्या मिश्रणाच्या पातळ फिल्मपासून सुरुवात करताय, तर आधी क्रम समजून घ्या. स्पिन कोटिंगमध्ये, म्हणजे वेगाने फिरणाऱ्या पट्टीवर द्रावण पसरवताना, टोल्युईन हा द्रावक उडत असतानाच दोन्ही पॉलिमर वेगवेगळ्या भागांत (प्रावस्थांत) वेगळे होऊ लागतात. पॉलिकॅप्रोलॅक्टोनचं स्फटिकीभवन बहुतेकदा त्यानंतर. म्हणून कोटिंगनंतर लगेच दिसणाऱ्या सगळ्याच ठिपक्यांना स्फटिक म्हणू नका.

वजनाने २ टक्के द्रावण, ०.२ मायक्रॉनचा पीटीएफई (टेफ्लॉन) फिल्टर, २००० आरपीएम (मिनिटाला फेरे), ६० सेकंद, एवढं सुरुवातीला पुरे. हवा दमट असेल तर टोल्युईन उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर दव साचतं आणि गोल खड्डे पडतात. नवखे त्यालाच प्रावस्था-विलगन समजतात!

खात्रीसाठी फिल्म ८० अंश सेल्सिअसला तापवा. पॉलिकॅप्रोलॅक्टोन ६०च्या आसपास वितळतं, पॉलिस्टायरीन मात्र साधारण १०० पर्यंत काचेसारखं घट्ट राहतं. जे नाहीसं झालं ते स्फटिक. मग ४० अंशांवर आणून पुन्हा वाढू द्या.

आणि सूक्ष्मदर्शकात क्रॉस्ड पोलरायझरखाली (एकमेकांना काटकोनात ठेवलेल्या दोन ध्रुवक गाळण्यांमध्ये) काळोख दिसला म्हणून स्फटिक नाहीत असं ठरवू नका. फार पातळ फिल्ममध्ये पटलिका (स्फटिकाचे पातळ पापुद्रे) आडव्या झोपतात, पॉलिमरच्या साखळ्या उभ्या राहतात, त्यामुळे वरून पाहताना द्विअपवर्तन (दिशेनुसार बदलणारं अपवर्तन, ज्यामुळे स्फटिक उजळ दिसतात) जवळपास दिसतच नाही. तिथे एएफएमच (सूक्ष्म टोकाने पृष्ठभाग चाचपणारा अणुबल सूक्ष्मदर्शक) हवा.