वाचकांचे प्रश्न : मधुमेहाची गोळी, कर्करोगाची पेशी

प्रश्न : मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीमुळे प्रयोगशाळेत कर्करोगाच्या पेशी मरतात, असं वाचलं. आईला स्तनाचा कर्करोग आहे, मधुमेह नाही. ही स्वस्त गोळी तिला का देत नाहीत? (एक वाचक, सांगली)

उत्तर : पेशी मरतात हे खरं, पण किती औषध घातल्यावर? बऱ्याच प्रयोगांत ५ ते २० मिलिमोलर (एक मिलिमोलर म्हणजे हजार मायक्रोमोलर) घातलेलं असतं. नेहमीच्या मात्रेत गोळी घेणाऱ्याच्या रक्तात ते साधारण १० ते २० मायक्रोमोलर असतं, म्हणजे शेकडो पटींनी कमी. तेवढं रक्तात चढवायला गेलं तर लॅक्टिक आम्ल साचून जिवावर बेतेल. शिवाय पेशी ज्या हाय-ग्लुकोज माध्यमात वाढवतात, त्यात लिटरला ४.५ ग्रॅम ग्लुकोज असतं. निरोगी माणसाच्या उपाशीपोटीच्या रक्तात १ ग्रॅमच्या आत. एवढ्या साखरेवर पोसलेली पेशी मेटफॉर्मिनला सहज दाद देत नाही, म्हणून मात्रा वाढवत नेली जाते.

माणसांवरची मोठी चाचणीही झाली आहे. मधुमेह नसलेल्या, स्तनाच्या कर्करोगाच्या ३,६४९ रुग्णांपैकी निम्म्यांना ८५० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, पाच वर्षं दिलं. २०२२ मध्ये निकाल आला : आजार उलटण्याचं प्रमाण मुख्य गटात, म्हणजे हॉर्मोन-रिसेप्टर पॉझिटिव्ह रुग्णांत, कमी झालं नाही. म्हणून आईला ही गोळी आपल्या मनानं सुरू करू नका.

जुनं औषध उपयोगी पडतच नाही, असं मात्र नाही. टाटा मेमोरियलच्या चाचणीत शस्त्रक्रियेच्या काही मिनिटं आधी गाठीभोवती ०.५ टक्के लिडोकेन (जागा बधिर करणारं औषध) टोचलं; पाच वर्षांनी हयात असलेल्यांचं प्रमाण ८६.४ वरून ९०.१ टक्क्यांवर गेलं.

प्रश्न : एमटीटी चाचणीत (जिवंत पेशींचा अंदाज रंगावरून घेणारी चाचणी) प्लेटच्या कडेच्या वेल्सची, म्हणजे खळग्यांची, रीडिंग्ज नेहमी वेगळी येतात. काय चुकतं? (एम.एस्सी.ची विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर : कडेचं माध्यम आधी उडतं आणि तिथलं औषध दाट होतं. ९६ वेल्सच्या प्लेटमध्ये बाहेरच्या ३६ वेल्समध्ये नुसतं पीबीएस (क्षारांचं साधं द्रावण) भरा, पेशी आतल्या ६० मध्येच ठेवा. दर वेलमध्ये ५,००० पेशी घातल्यावर प्लेट लगेच इन्क्युबेटरमध्ये सारू नका. वीसेक मिनिटं ओट्यावर स्थिर राहू द्या, म्हणजे पेशी एका बाजूला गोळा होणार नाहीत. रात्रभर चिकटू द्या, मग ७२ तास औषध.

एमटीटी ०.५ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर, चार तास. तळाशी जांभळ्या सुयांसारखे स्फटिक दिसतील. माध्यम काढताना पिपेटचं टोक तळाला लागलं की तेही ओढले जातात आणि औषध उगाच प्रभावी दिसतं. स्फटिक डीएमएसओ या द्रावकात विरघळवून ५७० नॅनोमीटरला वाचा. औषधही डीएमएसओत विरघळवलं असेल तर औषध न घातलेल्या कंट्रोल वेल्समध्ये तेवढंच डीएमएसओ हवं, शक्यतो ०.१ टक्का.

मेटफॉर्मिन तपासत असाल तर एमटीटीवर एकट्यावर विसंबू नका. हा रंग पेशीच्या चयापचयावर उमटतो, आणि मेटफॉर्मिन पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियालाच अडवतं. रंग फिका पडला तरी पेशी जिवंत असू शकते. मेलेल्या पेशींनाच रंगवणारा ट्रिपॅन ब्लू घालून पेशी मोजाच.