समोरच्याचं वाक्य ऐक

प्रिय दोस्ता,

तुझ्या रील्स पाहिल्या. आवाज छान काढतोस, नकलाही जमतात. पण अशोक सराफ व्हायचंय म्हणून महिनाअखेर राजीनामा देतोयस हे वाचलं आणि लगेच लिहायला बसलो. ज्यांचं नाव घेतोस त्यांनी सुमारे दहा वर्षं स्टेट बँकेत नोकरी केली, आणि नाटकंही त्याच काळात केली. पगार चालू असला की भिकार भूमिकेला नाही म्हणता येतं. नोकरीचं एवढंच, बाकी घरच्यांशी बोल.

मला बोलायचंय ते कामाबद्दल. 'अशी ही बनवाबनवी' (१९८८) तुला तोंडपाठ असेल. घरमालक सरपोतदार औषधासाठी दिलेले ७० रुपये मागतात आणि धनंजय माने (म्हणजे अशोक सराफ) सांगतो की मित्राबरोबर पैसेही वारले. हे सांगताना अशोकमामांच्या चेहऱ्यावर हसू नाही, डोळे मिचकावणं नाही. खरोखर कुणी गेल्याची बातमी द्यावी असा स्वर. आणि सरपोतदार झालेले सुधीर जोशी तितक्याच गंभीरपणे ते ऐकून घेतात! जोशींना वगळून ते वाक्य एकट्याने म्हणून बघ, निम्मंही उरणार नाही. तुझ्या रील्समध्ये नेमकं हेच होतं. समोर कुणी नसतंच, आणि विनोद संपायच्या आत तूच हसून मोकळा होतोस.

समोरच्याला ऐकायची सवय अशोकमामांना रंगभूमीने लावली असणार. त्यांचे सख्खे मामा गोपीनाथ सावकार नाटकवाले. शिरवाडकरांच्या 'ययाति आणि देवयानी'त अशोकमामांनी विदूषक केला तेव्हा वय १८च्या आसपास. संगीत नाटकातल्या विदूषकाला जागा मिळते ती दोन पदांच्या मधली. जास्त ताणलं तर गायक नट चिडतो, कमी केलं तर प्रेक्षक थंड. तिथे घड्याळ कानात बसतं.

पुढे १९७५ला 'पांडू हवालदार'. दादा कोंडके म्हणजे अख्खा पडदा व्यापणारा माणूस. त्यांच्या शेजारी उभं राहून दादांसारखंच करायला गेला असता तर हा नट दोन सिनेमांत संपला असता, असं माझं स्पष्ट मत आहे. मामांनी स्वतःची लय धरली. नंतर लक्ष्याबरोबरही (लक्ष्मीकांत बेर्डे) तेच. लक्ष्या भरधाव सुटायचा आणि हे त्याला मोकळं रान द्यायचे. (पुरस्कारांची घाई असेल तर सांगतो, पद्मश्री २०२५ला मिळाली. 'पांडू'नंतर ५० वर्षांनी.)

हिंदीने त्यांना फारसं काही दिलं नाही, याचा मला अजून राग आहे. अपवाद 'हम पाँच' ही मालिका. घरात पाच मुली, दुसरी बायको, आणि पहिली बायको भिंतीवरच्या फोटोतून टोमणे मारतेय. तो फोटो बोलत असताना त्यांचा आनंद माथुर ऐकतो कसा, ते आवाज बंद करून बघ. एका चौकटीकडे पाहून ऐकण्याचा अभिनय करायचा म्हणजे काय, हे कळायला दोन-तीन भाग पुरे.

आता कामाचं. पुढच्या रीलमध्ये तुझा एखादा मित्र किंवा आई समोर बसव. सगळी हशाची वाक्यं त्यांना दे आणि तू फक्त ऐक. कॅमेरा मात्र तुझ्यावरच राहू दे. झालं की तेवढंच पाठव, नकला नकोत.

तुझा,
तालमीतला काका