आधी शहर पायाखालून घाला, मग जिमचे पैसे भरा

आरोग्य प्रश्नोत्तरं

या महिन्याच्या पत्रांमध्ये नोकरी-बदलीनिमित्त नाशिकला नव्यानं आलेल्यांची पत्रं बरीच होती. त्यातले पाच प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : डोंबिवलीहून बदली होऊन पाथर्डी फाट्याला राहायला आलोय. काम अंबडला. आठवड्यातून तीनदा पाच-सहा किलोमीटर धावायची सवय आहे. घरासमोरच हायवेचा सर्व्हिस रोड आहे, तो चालेल का? नाहीतर कुठे जाऊ?
– एक वाचक, पाथर्डी फाटा

उत्तर : सर्व्हिस रोड नको. तिथे दुचाक्या सर्रास उलट्या दिशेनं येतात. ट्रक अर्धा रस्ता अडवून उभे असतात आणि त्यांना वळसा घालताना तुम्ही नेमके गाड्यांच्या पुढ्यात जाता. रात्रभर गाडी हाकून आलेले ड्रायव्हर पहाटेच सगळ्यात जास्त पेंगुळलेले असतात, आणि तुमची धावायची वेळही तीच.

पहिला आठवडा धावूच नका, चाला. ज्या वेळेला धावणार त्याच वेळेला चाला, कारण साडेपाचला मोकळा दिसणारा रस्ता साडेसातला स्कूलबस आणि कंपनीच्या बसनं भरून जातो. चालताना दिवे कुठे बंद आहेत, चेंबरची झाकणं कुठे खचली आहेत, कुत्र्यांची टोळी कोणत्या कोपऱ्यावर बसते, हे बघून ठेवा. सिंहस्थाच्या कामांमुळे सध्या शहरात खोदकाम बरंच चालू आहे. काल सपाट असलेल्या रस्त्यावर आज चर असू शकते, त्यामुळे अंधारात नवा रस्ता धरूच नये.

तुमच्या बाजूला रोजच्या सपाट धावण्यासाठी इंदिरानगरचा जॉगिंग ट्रॅक सोयीचा आहे आणि चढासाठी पांडवलेणीचा डोंगर. शहराच्या मध्यात काम निघालं तर गोल्फ क्लब मैदानाभोवतीचा ट्रॅक, कॉलेज रोडकडे गेलात तर कृषीनगरचा. पंचवटीत राहणाऱ्यांना हिरावाडीचं विभागीय क्रीडा संकुल जवळ पडतं. सार्वजनिक ट्रॅकवर सकाळी सहा ते साडेसात चालणाऱ्यांचीच गर्दी असते आणि चार-चारच्या रांगा करून गप्पा चालू असतात. त्यांच्यावर चिडण्यापेक्षा वेगाचा सराव सव्वापाचला नाहीतर आठनंतर करा. फेरीची दिशा मात्र सगळे जातात तीच ठेवा.

छोट्या फेऱ्यांवर फोनमधल्या अंतरावर विसंबू नका. झाडांखाली आणि सततच्या वळणांवर जीपीएस कोपरे कापतो, पाच किलोमीटरमागे दोन-तीनशे मीटरची गफलत सहज होते. एकदाच सायकल न्या. चाकाला खडूनं खूण करा, चाकाचा एक पूर्ण फेरा जमिनीवर टेपनं मोजा (२६ इंची चाकाचा साधारण २ मीटर ७ सेंटिमीटर येतो) आणि ट्रॅकच्या एका फेरीत चाक किती वेळा फिरतं ते मोजा. हे कायमचं काम होतं. मोजून आखलेल्या ॲथलेटिक्स ट्रॅकवर पहिल्या लेनची फेरी ४०० मीटरची असते, पण आठव्या लेनमध्ये तीच ४५० मीटरच्या वर जाते. बाहेरून पळून ‘आज वेळ खराब आली’ म्हणण्यात अर्थ नाही.

पांडवलेणीला जाल तेव्हा पहिले दोन आठवडे एकदाच चढायचं, तेही दमानं. पुढे पायथ्याच्या चढावर ४५ सेकंद जोरात वर आणि चालत खाली, असे सहा फेरे. पायऱ्यांवरून पळत उतरू नका. गुडघ्याची वाट चढताना लागत नाही, उतरताना लागते. पावसाळ्यात त्याच पायऱ्यांवर शेवाळ धरतं.

रविवारच्या लांब पल्ल्यासाठी देवळाली कॅम्पकडचे झाडांचे रस्ते चांगले आहेत, टेम्पल हिलचा चढही आहे. मात्र तो लष्करी भाग आहे. अनोळखी फाट्यात शिरू नका, फलकांचे फोटो काढू नका, ओळखपत्र जवळ ठेवा. गंगापूर रोडनं सोमेश्वरच्या पुढे जायचं तर रविवारी सातच्या आत परत फिरा, नंतर धरणाकडे आणि वायनरीकडे जाणाऱ्या गाड्या सुरू होतात. त्र्यंबक रोड श्रावणी सोमवारच्या आसपास सोडूनच द्या.

प्रश्न : जिममध्ये चौकशीला गेले तर ‘आज भरलं तर वर्षाची फी निम्मी, उद्या ऑफर बंद’ असं सांगितलं. भरू का? जिम निवडताना नक्की काय बघावं?
– एक वाचक, गोविंदनगर

उत्तर : आज भरू नका. उद्या बंद होणारी ऑफर परवा दुसऱ्या नावानं पुन्हा येते. गणपती, दसरा, दिवाळी आणि १ जानेवारी या वेळा त्यांनाही ठाऊक आहेत. आधी एका महिन्याची फी भरा, महाग पडली तरी. मग तीन महिन्यांची. वर्षाची फी स्वस्त दिसते, कारण निम्मे लोक मार्चनंतर फिरकणार नाहीत हे गृहीत धरूनच ती ठरवलेली असते. अजून सुरूच न झालेल्या जिमचं ‘प्री-लाँच’ पॅकेज तर अजिबात घेऊ नका.

घरापासून किंवा कामाच्या वाटेवर दहा मिनिटांच्या आत असलेली साधी जिम ही द्वारका ओलांडून जावं लागणाऱ्या चकचकीत जिमपेक्षा बरी. द्वारका चौकातला संध्याकाळचा वेळ तुमच्या व्यायामातूनच वजा होतो.

बघायला जाल तेव्हा तुमच्याच वेळेला जा. दुपारी अकराला सगळ्या जिम मोकळ्या आणि सुंदर दिसतात. संध्याकाळी साडेसातला उभं राहून रॅकसाठी (रॉड ठेवायची लोखंडी चौकट) किती जण थांबलेत ते मोजा. एकच रॅक आणि चार जण रांगेत असतील तर तासाभराच्या व्यायामाला पावणेदोन तास लागतील.

वजनांकडे नीट बघा. सात फुटी ऑलिम्पिक रॉड २० किलोचा असतो. काही ठिकाणी त्याच्यासारखा दिसणारा हलका रॉड ठेवतात आणि त्यावर वजन लिहिलेलं नसतं. मग आपण किती उचलतोय ते कधीच कळत नाही. घरचा वजनकाटा नेऊन एकदा रॉड उभा धरून बघा, स्वतःचं वजन वजा करा. दुसरं म्हणजे सव्वा आणि अडीच किलोच्या छोट्या प्लेट. जिममध्ये आधी त्याच हरवतात आणि पुन्हा कोणी आणत नाही. सव्वाच्या दोन प्लेट असल्या तर अडीच किलोनं वजन वाढवता येतं. त्या नसल्या तर एकदम पाच किंवा दहाची उडी मारावी लागते, आणि खांद्याच्या व्यायामात नवशिक्याची प्रगती तिथेच अडते. बाकी रॅकला आडव्या सुरक्षापट्ट्या आहेत का, बेंच डगमगतं का, तळघरातली जिम असेल तर बाहेर पडायला दुसरा रस्ता आहे का, लाइट गेल्यावर पंखे आणि ट्रेडमिल कशावर चालतात. स्वच्छतागृहही बघाच. ते जसं ठेवलंय तशीच यंत्रंही ठेवलेली असतात, असा आमचा अनुभवाचा अंदाज आहे.

ट्रेनरला एकच प्रश्न विचारा : ‘मला पाठीचा त्रास आहे, पहिल्या महिन्यात काय द्याल?’ ‘त्रास कधीपासून, कशानं, डॉक्टरांनी काय सांगितलंय’ असं उलट विचारणारा चांगला. लगेच प्रोटीनचा डबा आणि पर्सनल ट्रेनिंगचे दर दाखवणारा नको.

पैशांचं असं की २२ सप्टेंबर २०२५ पासून जिमच्या फीवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. १२,००० रुपये फीवर ६०० रुपये कर होतो, पूर्वीसारखा २,१६० नाही. जुन्याच दरानं आकारणी होत असेल तर तिथेच विचारा. जीएसटी नोंदणी नसलेल्या छोट्या जिमला हा कर लावताच येत नाही. बिलावर १५ अक्षरांचा जीएसटी क्रमांक हवा आणि महाराष्ट्रातला असेल तर तो २७ नं सुरू होतो. गावाला गेल्यावर किंवा आजारपणात सभासदत्व किती दिवस थांबवता येतं, बदली झाली तर दुसऱ्याच्या नावावर करता येतं का, हे पावतीवर लिहून घ्या. तोंडी शब्द देणारा काउंटरवरचा मुलगा सहा महिन्यांनी तिथे नसतो. पुढे जिम बंद पडली आणि पैसे अडकले तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते, म्हणून पावती जपून ठेवा.

आणि जुन्या व्यायामशाळांना नाकं मुरडू नका. यशवंत व्यायामशाळेसारख्या संस्थांनी नाशिकला मल्लखांबाची परंपरा दिली. मुलांना घालायचं असेल तर एसी जिमपेक्षा ते शंभर पटीनं चांगलं.

प्रश्न : गंगापूर रोडला राहते. नोकरीमुळे पहाटे साडेपाचलाच धावायला जमतं. हिवाळ्यात मिट्ट काळोख असतो, कुत्री मागे लागतात, आणि आता बिबट्याच्या बातम्या. काय खबरदारी घ्यावी?
– एक वाचक

उत्तर : जानेवारीत नाशिकला सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो, म्हणजे तुमचं सगळं धावणं अंधारातच. नोव्हेंबर ते फेब्रुवारी नदीकाठ आणि मळ्यांचे रस्ते सोडा. दिवे असलेल्या कॉलनीतली एक किलोमीटरची फेरी ठरवा आणि तीच पाचदा मारा. कंटाळवाणं आहे, मान्य, पण घरापासून कधीच पाचशे मीटरपेक्षा लांब जात नाही. गाड्या समोरून दिसतील अशा बाजूनं पळा, अंगावर चमकती पट्टी हवी, इअरफोन एकाच कानात. रोजची वेळ आणि नकाशा ॲपवर सगळ्यांना दिसेल असा ठेवू नका. अडचणीत ११२.

कुत्री धावत्या पायांमागे लागतात. थांबा, त्यांच्याकडे तोंड करा, चालत तो भाग ओलांडा. चावलंच तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा. हळद-चुना नको.

बिबट्या मुख्यतः दारणाकाठच्या उसात, मळ्यांच्या कडेनं असतो, पण शहरातही आलेला आहे. वनखात्यानं सूचना दिलेल्या भागात उजाडेपर्यंत जाऊच नये. समोर आलाच तर वाकू नका, बुटाची लेस बांधायला बसू नका, पाठ फिरवून पळू नका. हात वर करून मोठ्यानं आवाज करत मागे सरका. वनखात्याची हेल्पलाइन १९२६.

द्राक्षमळ्यांमधल्या वाटांवर धावणाऱ्यांना एक जास्तीची सूचना. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर फवारण्या दाट असतात आणि वारा पडलेला असताना, म्हणजे सकाळीच, ब्लोअर (ट्रॅक्टरचं फवारणी यंत्र) फिरतो. ट्रॅक्टरचा आवाज आला की परत फिरायचं.

प्रश्न : सातपूरला पाळीत काम करतो, दर आठवड्याला पाळी बदलते. रात्रपाळी संपल्यावर थेट जिमला गेलो तर चालेल का?
– एक वाचक, सातपूर

उत्तर : जड व्यायामाला नको. रात्रभर जागलेल्या माणसाचं लक्ष आणि तोल दोन्ही कमी झालेले असतात. डोक्यावर रॉड असताना ते महागात पडतं. घरी जा, खोलीत अंधार करून झोपा आणि दुपारी चारला जा. ती वेळ मोकळीही असते. फक्त एक विचारून ठेवा : इथल्या बऱ्याच जिम दुपारी बारा ते चार बंद असतात. रात्रपाळीच्या आठवड्यात पहिले दोन दिवस फक्त अर्धा तास चालणं, मग दोनदा जिम, तेही नेहमीच्या तीन-चतुर्थांश वजनावर. दिवसपाळीच्या आठवड्यात तीनदा. वजन वाढवायचं ते फक्त दिवसपाळीत.

प्रश्न : ठाण्यात दहा किलोमीटर एका दमात पळत होतो. इथे सहालाच धाप लागते आणि नडगी दुखते. उंचीमुळे असेल का? आणि पावसाळ्यात काय करू?
– एक वाचक, म्हसरूळ

उत्तर : उंचीला दोष नको. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे, तेवढ्यानं दम कमी पडत नाही. म्हसरूळकडचे रस्ते चढउतारांचे आहेत आणि तुम्ही ठाण्याच्या सपाटीवरचाच वेग इथे धरताय. घड्याळ घरी ठेवा. पूर्ण वाक्य बोलता येईल एवढ्याच वेगानं महिनाभर पळा, चढ आला की चाला.

नडगीचं दुखणं बहुतेक वेळा उतारावर टाच आपटत पळण्यानं आणि काँक्रीटच्या रस्त्यानं येतं. अंतर निम्म्यावर आणा, मुरमाच्या ट्रॅकवर जा, रोज पायरीच्या कडेवर टाचा वर-खाली करण्याचे १५-१५ चे तीन फेरे करा. बूट किती किलोमीटर चाललेत ते बघा, ५०० ते ८०० नंतर तळ दबतो. हाडावर एका बोटाखाली येईल एवढ्याच जागी दुखत असेल, किंवा रात्री झोपेतही ठणकत असेल, तर धावणं त्या दिवसापासून बंद आणि हाडांच्या डॉक्टरांकडे. ती हाडाची चीर असू शकते.

पावसाळ्यात मळ्यातली काळी माती बुटाला चिकटून एकेक पाय किलोभर जड होतो आणि घोटा मुरगळतो, म्हणून डांबरी रस्ता किंवा मुरूम. गंगापूर धरणातून विसर्ग सुरू झाला की गोदाकाठच्या वाटा बंद समजा. गोदेच्या पुराची खूण मानल्या जाणाऱ्या दुतोंड्या मारुतीच्या पायाला पाणी लागल्यावर बघायला जाणं वेगळं आणि तिथून धावायला जाणं वेगळं. पूर ओसरल्यावरही दोन-चार दिवस गाळ निसरडा असतो. त्या आठवड्यात ट्रेडमिल, १ टक्का चढ लावून, पंख्यासमोर. ओल्या बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि दोन तासांनी बदला. उन्हात किंवा गिझरवर ठेवलेत तर तळाचा गोंद सुटतो.