'कृपेने, कर्मांनी नव्हे' यातली कृपा नक्की कुठली?

विचारलंय असं की एका ख्रिस्ती लेखाचं मराठी करताना 'सत्कर्मांऐवजी कृपेवर विसंबणे' असा प्रयोग केला आणि तो वाचणाऱ्याला खटकला, कारण त्यातून चांगलं वागायची गरजच नाही असा अर्थ निघतो. मग इथे कृपा म्हणजे दया घ्यायची की मेहेरबानी, आणि कर्म म्हणजे आपलं ते संचित-प्रारब्धवालं कर्म का?

खटकलं ते बरोबरच खटकलं. पण दोष 'कृपा'त नाही, 'ऐवजी'त आहे, त्याच्याकडे शेवटी येतो.

कृपा हा शब्द रोजच्या बोलण्यात आपण फार सैल वापरतो. 'कृपया शांतता राखा' यात निव्वळ अदब आहे, 'देवाच्या कृपेने सगळं छान चाललंय' यात बरकत किंवा नशीब असा काहीतरी अर्थ असतो, आणि कुणावर चिडलो की 'ही सगळी तुमचीच कृपा' असंही म्हणतो. नव्या करारात, म्हणजे बायबलच्या येशूनंतर लिहिलेल्या भागात, ज्या ग्रीक शब्दासाठी मराठीत कृपा येतं तो आहे 'खारिस', त्याचं नातं आनंद होणे या क्रियापदाशी आहे, म्हणजे प्रसन्नता आणि त्या प्रसन्नतेतून आपणहून दिलेलं. दया त्याच्या जवळची खरी पण दयेत समोरच्याचे हाल बघून मन द्रवतं, क्षमेत अपराध सोडून दिला जातो, आणि कृपेत हे दोन्ही असलं तरी सगळा भर देण्यावर असतो, तेही ज्याच्यावर घेणाऱ्याचा काडीचा हक्क नाही असं देणं.

शब्दकोशात कृपेच्या विरुद्ध अवकृपा मिळेल. पण नव्या करारातली बरीच पत्रं ज्याच्या नावावर आहेत त्या संत पौलाच्या लिखाणात कृपेसमोर जो शब्द उभा राहतो तो आहे मजुरी, आणि माझ्या मते अख्खा प्रयोग समजायची किल्ली हीच. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या ४थ्या अध्यायात तो म्हणतो की काम करणाऱ्याला जी मजुरी मिळते ती काही मेहेरबानी नसते, ते त्याचं येणं असतं. मग ६व्या अध्यायाच्या अगदी शेवटी ते प्रसिद्ध वाक्य, पापाचं वेतन मरण, पण देवाचं कृपादान सार्वकालिक जीवन. हे वाक्य जरा थांबून वाचा. पापाचं वेतन मरण म्हटल्यावर पुढे पुण्याचं वेतन जीवन असं यायला हवं होतं, कानाला तेच अपेक्षित असतं, पण तो नेमका तिथे शब्द बदलतो. वेतनासाठी त्याने वापरलेला शब्द शिपायाच्या पगाराचा आहे, म्हणजे नोकरी केली की हातात पडणारच असा, आणि दुसऱ्या अर्ध्यात पगार हा विषयच संपतो आणि 'कृपादान' येतं. मला हा शब्द फार आवडतो. आपल्याकडे 'पसायदान' आहेच, पसाय म्हणजे प्रसाद, तेव्हा दोन्ही शब्द अर्थाने खूप जवळचे, फरक आहे तो क्रमाचा. ज्ञानदेवांच्या मागण्यात आधी वाग्यज्ञ, म्हणजे ग्रंथरूपी शब्दांचा यज्ञ, होतो, त्याने विश्वात्मक देवाने तोषावं आणि तोषून द्यावं असं येतं, तर पौलाकडे देणं आधीच होऊन गेलंय, आपण अजून पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मेला असं तो ५व्या अध्यायात सांगतो.

येशूने सांगितलेली द्राक्षमळ्यातल्या मजुरांची गोष्ट (मत्तय २०) याच मुद्द्यावर आहे. मालक भल्या पहाटे मजूर लावतो, मग नऊला, बाराला, तीनला, आणि दिवस संपायला तासभर उरला असताना पाच वाजता सुद्धा, आणि संध्याकाळी सगळ्यांच्या हातावर सारखेच पैसे ठेवतो, तेही शेवटी आलेल्यांपासून सुरुवात करून. सकाळपासून उन्हात राबलेले कुरकुर करतात. त्यांचं चुकतं कुठे म्हणाल तर हिशोबात चुकत नाही, त्यांना ठरलेलं सगळं मिळालेलं असतं. त्यांना सलतं ते दुसऱ्याला मिळालेलं, आणि मालक उलट विचारतो, मी उदार आहे हे तुला खुपतंय का?

आता व्याकरण, कारण इथे विभक्तीच खूप काही सांगून जाते. इफिसकरांस पत्र २:८ मध्ये मराठीत 'कृपेनेच विश्वासाच्या द्वारे तारण झालेले आहे' असं येतं. तारण म्हणजे इथे पाप आणि मरणातून सुटका, गहाणातलं तारण नव्हे. कृपेने ही तृतीया, तारण होतं ते तिनेच. विश्वासाला मात्र 'द्वारे', म्हणजे विश्वास ही त्या कृपेची किंमत नाही, ती आत येते तो दरवाजा. बरेच जण विश्वासालाच एक मोठं सत्कर्म करून टाकतात, माझा विश्वास किती दांडगा म्हणून मला मिळालं असं, मग परत मजुरीच झाली की. 'झालेले आहे' हे रूपही मूळ ग्रीकला धरून आहे, होईल किंवा होत आहे असं नाही. पुढे ९व्या वचनात म्हटलंय हे कर्मांतून नाही, कोणी आढ्यता बाळगू नये म्हणून, आणि लगेच १०व्यात, आपल्याला घडवलंय ते सत्कृत्यांसाठी! एकदा 'कर्मांतून नाही' आणि लगोलग 'सत्कृत्यांसाठी'. कर्म दोन्हीकडे आहे, फक्त त्याची जागा बदललीये, तारणाच्या आधीची उठून नंतरची झालीये.

कर्म म्हणजे इथे कर्मविपाक नाही. मागचे जन्म, संचित, प्रारब्ध यातलं काहीही पौलाच्या डोक्यात नाही. त्याचा वाद होता नियमशास्त्रातल्या, म्हणजे मोशेने दिलेल्या यहुदी धर्मनियमांतल्या, कृत्यांवरून, विशेषतः यहुदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांनी सुंता करून घ्यायलाच हवी का यावरून, आणि त्यातून मोठा प्रश्न उभा राहिला की माणूस देवापुढे स्वतःचं काय घेऊन उभा राहू शकतो. पण म्हणून करावे तसे भरावे हे त्याने मोडीत काढलं असं समजू नका, याच वादासाठी लिहिलेल्या गलतीकरांस पत्राच्या ६व्या अध्यायात तोच म्हणतो की माणूस जे पेरतो त्याचंच पीक त्याला मिळेल. आणि याकोबाच्या पत्रात तर कर्मांवाचून विश्वास निर्जीव असं सरळ लिहिलंय. याकोब ज्या विश्वासाला झोडपतो तो नुसता तोंडी विश्वास आहे, उघड्यानागड्या भुकेल्या भावाला सुखाने जा, ऊब घे, पोटभर खा म्हणायचं आणि द्यायचं काहीच नाही, तसला.

इतिहास लांबलचक आहे, थोडक्यात सांगतो. पाचव्या शतकात कृपेवाचून काही नाही म्हणणारा बिशप ऑगस्टीन आणि माणसाच्या स्वतःच्या प्रयत्नावर भर देणारा पेलागियस यांचा वाद याच विषयावर झाला. १५१७ पासून तो पुन्हा पेटवला ल्यूथरने, ज्याच्यापासून प्रोटेस्टंट पंथ सुरू झाले, त्याने १५२२च्या जर्मन नव्या करारात रोमकरांस पत्र ३:२८ मध्ये विश्वासाच्या आधी 'केवळ' हा मूळात नसलेला शब्द घातला आणि त्यावरून भरपूर बोलणी खाल्ली. 'कॅथलिक म्हणजे कर्म आणि प्रोटेस्टंट म्हणजे कृपा' असं जे सर्रास ऐकू येतं ते मात्र बरोबर नाही. ट्रेंटच्या कॅथलिक धर्मपरिषदेने १५४७ मध्ये पहिलाच नियम केला तो कृपेवाचून स्वतःच्या कर्मांनी माणूस नीतिमान ठरू शकतो म्हणणाऱ्यांच्या विरुद्ध. भांडण होतं ते कृपा माणसात नेमकं काय करते आणि त्यानंतरच्या कर्मांना काय म्हणायचं यावर, आणि ३१ ऑक्टोबर १९९९ ला आउग्सबर्गला ल्यूथरन आणि कॅथलिक दोघांनी मिळून सही करून सांगितलं की देव आपल्याला स्वीकारतो ते आपल्या कुठल्याही पुण्याईमुळे नाही, केवळ कृपेने.

ही 'पुण्याई' आता तुमच्या वाक्यात आणा. 'सत्कर्मांऐवजी' म्हटलं की सत्कर्मं सोडून द्या असं ऐकू येतं, पण सोडायची असते ती सत्कर्मांवरची भिस्त, सत्कर्मं नव्हेत, आणि केलेल्या चांगल्याची जी शिल्लक आपण मनात धरून बसतो तिला मराठीत पुण्याई इतका नेमका शब्द दुसरा नाही. 'विसंबणे' चूक नाही पण त्यात थोडी गाफीलपणाची छटा येते, विसंबून राहिला आणि फसला असंच आपण जास्त म्हणतो, तिथे 'भिस्त' किंवा 'भरवसा' घ्या. मी असं लिहीन, 'स्वतःच्या पुण्याईवर नव्हे, देवाच्या कृपेवर भिस्त ठेवणे'. मेहेरबानी अर्थाने चालेल, मजुरीच्या संदर्भात तर छानच बसते, पण तिच्यात देणाऱ्याचा वरचढपणा जाणवतो आणि घेणाऱ्याला ओशाळं वाटतं, म्हणून लेखभर कृपाच ठेवा.