पुढून बटणांचा शर्ट

«आमचे बाळ 30व्या आठवड्यात जन्मले, वजन 1250 ग्रॅम होते. आज 18वा दिवस आहे आणि प्रकृती स्थिर असल्याचे डॉक्टर सांगतात. मी रोज कामावरून सुटल्यावर काचेतून बाळाला पाहतो, औषधे आणतो, बिले भरतो. तरीही पत्नी म्हणते की मी पाहुण्यासारखा येतो. परवा तर नर्सनेही ‘उद्या पुढून बटणे असलेला शर्ट घालून या’ असे सुनावले. पत्नीची समजूत कशी घालावी?»
— एक बाबा, नाशिक

पत्नीची समजूत राहू द्या. आधी मला सांगा, काल तुम्ही कोणता शर्ट घालून गेलात?

टोमणा समजून तुम्ही जे वाक्य पत्राच्या शेवटी ढकलले, ते बोलावणे होते. बटणे उघडून, केवळ लंगोट, टोपी आणि मोजे घातलेले बाळ तुमच्या उघड्या छातीवर उभे निजवता यावे, म्हणून नर्सने तो शर्ट सांगितला. याला कांगारू मदर केअर म्हणतात. नावात आई असली, तरी बापाच्या छातीची ऊबही बाळाला चालते. कोलंबियातील बोगोटा येथे 1978 च्या सुमारास इन्क्युबेटर अपुरे पडत असताना डॉ. एडगर रे यांनी हा मार्ग काढला, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 च्या शिफारशीनुसार अशा बाळांना दिवसाचे 8 ते 24 तास छातीशी ठेवावे.

आता हिशेब करा. चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळ बाळाला गरोदरपणाच्या हिशेबाने साधारण 34व्या आठवड्यापर्यंत जमत नाही, म्हणून दूध नळीने जाते, आणि ते दूध तुमची पत्नी दर दोन-तीन तासांनी, रात्रीही, काढत असणार. त्यावर हे आठ तास 18 दिवसांच्या बाळंतिणीने एकटीने कोठून आणायचे? बिले भरणारा माणूस या हिशेबात इतका कच्चा कसा?

भीती वाटते, असे तुम्ही कोठेही लिहिलेले नाही. पण काचेबाहेर इतके दिवस माणसाला दुसरे काय उभे करील? ती बाळ छातीवर आल्यावरच ओसरेल, आणि नर्स शेजारी असतेच.

उद्या नखे कापून, अंगठी आणि घड्याळ काढून, अत्तर न लावता जा. कोपरापर्यंत हात धुवा आणि फोन बाहेर ठेवा. निदान एक तास बसा. बाळाला कुरवाळू नका, त्या नाजूक त्वचेला ते सोसत नाही. एक तळहात पाठीवर आणि दुसरा बुडाखाली स्थिर ठेवा. हळू आवाजात बोललात तर त्याला ऐकू येईल. आणि तेवढ्या वेळात पत्नीला झोपायला पाठवा.