आधी निर्णय विचार, मग अंदाज पाठव

प्रिय मित्रा,

सोयाबीनच्या तालुक्यांसाठी हवामान सल्ल्याची सेवा उभी करतोयस आणि अडलास कुठे, तर ॲपमध्ये नकाशे किती ठेवायचे यावर. नकाशे राहू देत. शेतकऱ्याला या आठवड्यात कोणता निर्णय घ्यायचाय, ते आधी विचार.

जूनमध्ये निर्णय एकच असतो: पेरू की थांबू? 75 ते 100 मिमी पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, हे कृषी विभाग दरवर्षी सांगतो. मग तुझ्या संदेशात दोन गोष्टी हव्यात: आपल्या महसूल मंडळात (म्हणजे तालुक्यातल्या काही गावांच्या गटात) आजवर पडलेला पाऊस आणि पेरणीनंतर मोठी उघडीप पडण्याची शक्यता. उघडिपीसाठी पाच दिवसांचा अंदाज अपुरा पडतो, म्हणून हवामान विभागाचा दर गुरुवारचा चार आठवड्यांचा विस्तारित अंदाज जोड. मात्र तो हवामान उपविभागाचा असतो आणि अख्खा मराठवाडा हा एकच उपविभाग आहे. त्याला गावाचं नाव चिकटवायचं नाही. यावर माझ्याशी वाद घालू नकोस.

‘एक-दोन ठिकाणी पाऊस’ असं बुलेटिनमध्ये येतं, तेव्हा त्याचा अर्थ 25 टक्के किंवा त्याहून कमी पर्जन्यमापन केंद्रांवर पाऊस. ऐकणारा मात्र ‘आपल्याकडे पाऊस’ असं धरून चालतो. तू सरळ लिही: चारपैकी निदान तीन ठिकाणी कोरडं राहण्याची शक्यता, या पावसाच्या भरवशावर पेरू नका. निर्णय आला, की वाक्य आपोआप सुधारतं.

लोक मला हट्टी म्हणतात. म्हणोत. दुबार पेरणीत एकरी 30 किलोच्या आसपास बियाणं, वर खत आणि मजुरी, सगळं पुन्हा घालावं लागतं, आणि ते सल्ला देणाऱ्याच्या खिशातून जात नाही. म्हणून हट्ट.

आता यंत्राकडे बघ. स्वयंचलित पर्जन्यमापकाच्या नरसाळ्यात पाला किंवा पक्ष्यांची विष्ठा अडकली, की भर पावसात तो 0 दाखवतो. म्हणून ‘0’ आणि ‘नोंद नाही’ यांच्या खुणा वेगळ्या ठेव. शेजारच्या सगळ्या मंडळांत 40 मिमी आणि एकीकडेच 0 दिसलं, तर संदेश रोखून आधी तिथे माणूस पाठव. हवामान आधारित फळपीक विम्याची भरपाईही अशाच केंद्रांच्या नोंदींवर ठरते, तेव्हा आकडा मागाहून कुणी, कधी आणि का बदलला हे नोंदवलेलंच पाहिजे. मूळ आकडा कधीही पुसायचा नाही.

कारभाराचे नियम पहिला संदेश जाण्याआधी कागदावर आण. सल्ल्यावर सही कुणाची? चुकला तर दुरुस्ती किती तासांत आणि त्याच नंबरांवर जाते का? बियाणं किंवा औषध विकणाऱ्याचा पैसा सेवेत असेल, तर सल्ल्याचा मजकूर त्याच्या हाती नको. यात सवलत नाही.

आणि पडताळणी. प्रत्येक मंडळासाठी चार रकाने कर: सांगितला-पडला, सांगितला-पडला नाही, न सांगता पडला, सांगितला नाही-पडलाही नाही. केवळ ‘80 टक्के अचूक’ म्हणून मिरवू नकोस. कोरड्या भागात रोज ‘पाऊस नाही’ म्हटलं तरी तेवढी अचूकता मिळते. पेरणीच्या आठवड्यांचा हिशेब वेगळा मांड आणि तो ग्रामपंचायतीच्या फलकावर लाव, चुकांसकट.

ऑक्टोबरमध्ये प्रश्न बदलेल: कापणी आज की चार दिवसांनी, गंजीवर ताडपत्री हवी का? जूनचाच साचा तेव्हा चालवू नकोस. प्रत्येक टप्प्याला दहा-बारा शेतकऱ्यांसोबत, त्यात शेतीचे निर्णय घेणाऱ्या बायकाही धर, पारावर बसून त्यांच्या निर्णयांची यादी कर. ती यादी आधी मला पाठव, ॲपचं नंतर बघू.

तुझा,
एक जुना सहकारी