वाचकांचे प्रश्न : पडद्यावरचा लेखक लिहितो कशाने?

प्रश्न : एका लेखकाच्या आयुष्यावर बेतलेल्या कादंबरीची पटकथा लिहीत आहे. काळ 1850च्या आसपासचा, युरोपातला. निम्मी कादंबरी त्याच्या डोक्यात घडते. निवेदन घातलं की चित्रपटाचं अभिवाचन होतं, काढलं की हाती काहीच उरत नाही. काय करावं?

उत्तर : निवेदन ठेवा, पण ते सगळ्यात शेवटी लिहा. पहिला खर्डा निवेदनाशिवायच पुरा करायचा. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट, म्हणजे दोन तासांना 120 पानं. कादंबरी पुन्हा वाचताना समासात दोनच खुणा करा : जे दिसतं त्याला एक आणि जे नुसतं कळतं त्याला दुसरी. दुसऱ्या खुणेच्या प्रत्येक जागी खोलीत आणखी एक माणूस आणून बघा. त्या काळी तो सहज मिळतो, कारण प्रती हातानेच काढल्या जात : त्या काढणारा नक्कलनवीस.

समजा कादंबरीत वाक्य आहे, ‘आपलं पुस्तक खोटं आहे, हे त्याला उमगलं.’ पडद्यावर लेखक नक्कलनविसाला शेवटचा परिच्छेद सांगतोय. तो मान खाली घालून उतरवून घेतोय. लेखक वाक्य अर्ध्यावर सोडतो. नक्कलनवीस ते अर्धं वाक्य इमानेइतबारे लिहितो, टाक दौतीत बुडवतो आणि पुढच्या शब्दाची वाट बघतो. इथे निवेदनाची गरजच पडत नाही.

एवढं करूनही जे उरेल तेच निवेदनात घ्या. सावकाश वाचलं तर वीस सेकंदांत चाळीसेक शब्द बसतात. त्यापुढे गेलात की प्रेक्षक चित्र बघायचं सोडून ऐकू लागतो. आणि चित्रात जे दिसतंय ते निवेदनात सांगू नका. ही चूक पहिल्या खर्ड्यात जवळपास हमखास असते.

प्रश्न : अशा चित्रपटांत खर्च भरपूर केलेला असतो, तरी लेखकाच्या टेबलावरचे कागद नाटकातल्यासारखे खोटे का वाटतात?

उत्तर : कारण ते जुने केलेले असतात. चहाच्या पाण्यात बुडवलेली, कडा जाळलेली पानं आणि तपकिरी अक्षरं ही आज संग्रहालयात दिसणाऱ्या हस्तलिखिताची नक्कल असते. गोष्टीतल्या माणसाने तर तो कागद नुकताच विकत आणलाय! शिवाय 1850च्या सुमाराचा कागद बहुतेक चिंध्यांपासून केलेला, सहजी पिवळा न पडणारा. चटकन पिवळा आणि ठिसूळ होणारा लाकडी लगद्याचा कागद सर्रास झाला तो शतकाच्या उत्तरार्धात. मायफळ आणि लोहक्षारांपासून केलेली शाई लिहिताना फिकट करडी दिसते, हवा लागून काळी होते आणि तपकिरी पडायला तिला दशकं लागतात. तेव्हा टेबलावर पांढरट कागद आणि काळी अक्षरं हवीत. जुनी दाखवायचीच असतील तर वीस वर्षांपूर्वी आलेली पत्रं दाखवा, आणि तीही जरा मळकी, घड्यांवर झिजलेली. ब्रिटनमध्ये 1840च्या टपाल सुधारणेपर्यंत पाकीट हेही एक जादा पान म्हणून मोजलं जाई, त्यामुळे लोक पत्रच दुमडून त्याला लाखेची मोहोर लावत. त्याआधीच्या पत्राला पाकीट दिलंत की फसलात.

लेखणीचंही तसंच. भरघोस हंसपिसाने कुणी दिवसभर लिहीत नसे. हाताला अडतं म्हणून दांड्याच्या दोन्ही बाजूंचं केसर (मऊ तंतू) बहुतेक तासून टाकत, उरे ती जवळजवळ उघडी नळी. उजव्या हाताने लिहिणाऱ्याला डाव्या पंखाचं पीस सोयीचं, कारण त्याचा बाक डोळ्यांपासून दूर जातो. 1850ला पीस आणि पोलादी नीब दोन्ही चालत होती. पिसाचं टोक बोथट होतं, म्हणून शेजारी चाकू हवा. नीब दाखवलीत तर चाकूऐवजी पुसायला फडकं ठेवा.

चित्रीकरणात शाई पसरते ती बहुधा कागदामुळे. झेरॉक्सचा कागद दौतीच्या शाईसाठी केलेलाच नसतो. गुळगुळीत, जिलेटिन चढवलेला सुती कागद घ्या. अक्षराच्या क्लोजअपसाठी सुलेखनकार आणा, पण त्याची नखं, अंगठी आणि बाही नटाशी जुळवून घ्या आणि उजेड त्याच बाजूचा ठेवा. एकाच पानाच्या निदान दहा प्रती हव्यात : अर्ध्या ओळीपर्यंत लिहिलेल्या, कारण प्रत्येक टेकला, म्हणजे शॉट पुन्हा घेताना, नट तिथूनच पुढे लिहिणार. दौतीतल्या शाईच्या पातळीचा दर टेकला फोटो काढून ठेवा.

प्रश्न : रात्रीचं लेखन फक्त मेणबत्तीच्या उजेडात चित्रित करता येईल का?

उत्तर : येईल. 1975च्या ‘बॅरी लिंडन’ या चित्रपटात त्यासाठी एफ 0.7 इतक्या (आकडा जितका लहान तितका जास्त उजेड) उघडणाऱ्या झाइस लेन्स वापरल्या होत्या. आजचे डिजिटल कॅमेरे कमी उजेडात बरेच सोशीक आहेत. खरी अडचण वेगळीच. लेन्स पूर्ण उघडली की फोकस बोटभर जागेत उरतो. लिहिणारा माणूस पुढेमागे हलतो आणि दर दोनचार शब्दांनी दौतीकडे वळतो, मग चेहरा जातो. म्हणून एकाऐवजी दोन-तीन वाती एकत्र असलेल्या मेणबत्त्या वापरतात, आणि चौकटीबाहेर उबदार, मंद दिवा. मेणबत्तीचा रंग सुमारे 1900 केल्विन (आकडा जितका कमी तितका उजेड नारिंगी), तर चित्रीकरणाच्या टंगस्टन दिव्यांचा 3200, तेव्हा दिव्यावर नारिंगी जेल, म्हणजे रंगीत पारदर्शक पत्रा, लागेलच. सारख्या लांबीच्या मेणबत्त्या पेटीभर ठेवा. नाहीतर एका वाक्यातच ती दोन इंचांनी वाढते.

प्रश्न : कथा पुढे 1880च्या दशकात जाते आणि लेखक टाइपरायटर घेतो. काय सांभाळावं?

उत्तर : त्याला आपण लिहिलेली ओळ दिसता कामा नये. त्या वेळच्या बहुतेक यंत्रांत अक्षर रुळाच्या खालून उमटे, बघायचं तर वरचा भाग उचलावा लागे. नाट्य हवं असेल तर हे आयतं सोनं आहे. रेमिंग्टनने 1874ला बाजारात आणलेल्या यंत्रावर फक्त कॅपिटल अक्षरं होती, लहान अक्षरं 1878च्या मॉडेलपासून आली. टाइप केलेलं पान संगणकावर छापणार असाल तर 1 हा आकडा तपासा. अनेक जुन्या यंत्रांवर त्याची कळच नसे, लहान एल वापरत. आणि नटाला निदान एक परिच्छेद खरोखर टाइप करायला शिकवा, कारण कळा कशाही बडवल्या की अक्षरांचे दांडे एकमेकांत अडकतात.

प्रश्न : कादंबरीचे हक्क घेतले आहेत. नायक खरा, दिवंगत लेखक आहे. त्याची पत्रं वापरता येतील का?

उत्तर : कादंबरीच्या हक्कांत ती येत नाहीत. पत्राचा कागद ज्याच्याकडे असेल त्याचा, पण मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याच्या वारसांचा. बर्न करारानुसार (स्वामित्वहक्काचा आंतरराष्ट्रीय करार) मुदत मृत्यूनंतर किमान 50 वर्षं. भारतात 60, युरोपीय संघात 70. मृत्यूनंतर प्रथमच छापल्या गेलेल्या पत्रांची मोजणी वेगळी असू शकते, भारतात ती प्रकाशनापासून होते. उलट, त्याच्या आयुष्यातल्या घटना कुणाच्याच मालकीच्या नाहीत. म्हणून कादंबरीतला प्रत्येक प्रसंग चरित्राशी ताडून पाहा : जो फक्त कादंबरीकाराने रचलाय त्यासाठीच तुम्ही पैसे मोजलेत, आणि तोच करारात नीट उतरलाय ना, हे वकिलाकडून वाचून घ्या.